मापं घेतलीत, आता कपडा दाखवा: गुरुवारच्या ओपीडीबद्दल एक खुले पत्र

मा. अधिष्ठाता साहेब आणि एथिक्स कमिटीचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सादर नमस्कार.

आपल्या रुग्णालयाचं नाव या पत्रात मी मुद्दाम घातलेलं नाही. तिथल्या कॅथ लॅबमध्ये माझ्या आजाराचं नाव मला पहिल्यांदा कळलं, तिथल्या सिस्टरांनी हाताला धरून मला चालवलं. त्या जागेची बदनामी करायला मन घेत नाही. पण आवक-जावकच्या खिडकीवर मी तीन अर्ज दिले. तिन्हींच्या पोचेवर गोल शिक्का आहे आणि उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे चौथं पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे. दुसऱ्या एखाद्या रुग्णालयात असंच चालत असेल तर त्यांनीही हे आपल्यालाच आलंय असं समजायला माझी हरकत नाही.

मी शिवणकाम करते. सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकलेलं आहे. वय ४३. २०१९ च्या जानेवारीत तुमच्याकडे माझी उजव्या बाजूची कॅथ झाली आणि फुफ्फुसाकडे रक्त नेणाऱ्या धमनीतला सरासरी दाब ५४ निघाला. निरोगी माणसाचा तो १४ च्या आसपास असतो. हा वाढलेला दाब म्हणजेच माझा आजार, पल्मनरी हायपरटेन्शन. हा दाब दंडाला पट्टा बांधून कळत नाही. टू-डी इकोत अंदाज येतो, पण खात्री करायची तर मानेतल्या नाहीतर जांघेतल्या शिरेतून नळी घालून उजव्या हृदयापर्यंत जावं लागतं. त्याआधी तीन वर्षं मला दम्याचा पंप, रक्तवाढीच्या गोळ्या आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच मिळत होतं. माझा दंडावरचा बीपी ११० वर ७०. त्यामुळे ‘प्रेशर वाढलंय’ म्हटलं की शेजारणी म्हणायच्या, मग मीठ कमी कर की. (मीठ कमी करायला पुढे डॉक्टरांनीही सांगितलं, पण ते पायावरच्या सुजेसाठी.)

२०२२ च्या जुलैत मी तुमच्या विभागात चाललेल्या एका नव्या गोळीच्या चाचणीत नाव दिलं. २०२५ च्या मार्चमध्ये चाचणी संपली. जूनमध्ये गुरुवारची पल्मनरी हायपरटेन्शनची ओपीडीच बंद झाली. दारावर चार ओळींचा इंग्रजी कागद चिकटवला होता. आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलीनं वाचून सांगितलं की आता सगळ्यांनी कार्डिओलॉजीच्या जनरल ओपीडीत जायचं. कागदावर सही होती, तारीख नव्हती.

आमच्या धंद्यात एकदा माप घेतलं की ते वहीत उतरवायचं, वर गिऱ्हाइकाचं नाव आणि द्यायची तारीख लिहायची. गिऱ्हाईक विचारायला आलं की कपडा झाला का नाही ते सांगायचं. बाही बिघडली असेल तर तेही तोंडावर सांगायचं, लपवायचं नाही. तुम्ही पावणेतीन वर्षं माझी मापं घेतलीत. चालण्याचं माप, रक्ताचं माप, इको, आणि कॅथ दोनदा. त्या मापांचं काय झालं हे विचारायला गेले, तर खिडकीतला माणूस म्हणतो, “स्टडी क्लोज झाली, ताई.”

एक गैरसमज आधीच काढून टाकते. हे पत्र संशोधनाच्या विरोधात नाही. चाचणीत नाव दिलं तेव्हा माझे मोठे दीर म्हणाले होते, “तुला उंदीर करणारेत.” मी त्यांना गुरुवारच्या ओपीडीतल्या डॉक्टर मॅडमनी सांगितलेली गोष्ट सांगितली. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनीत भूक मारणारी अमिनोरेक्स नावाची गोळी निघाली. बारीक व्हायला लोकांनी ती घेतली आणि बघता बघता धाप लागलेल्या, ओठ निळे पडलेल्या रुग्णांची तिथल्या दवाखान्यांत रीघ लागली. डॉक्टरांनी कोण रुग्ण, काय घेत होता, किती दिवस घेत होता, याच्या वह्या ठेवल्या होत्या म्हणून गोळीवर बोट ठेवता आलं. त्यातूनच १९७३ मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेनं या आजारावर पहिली बैठक घेतली. पुढे १९८१ ते १९८५ या काळात अमेरिकेत दोनशेच्या आसपास रुग्णांची नोंद ठेवली गेली आणि कळलं की निदानानंतर निम्मे रुग्ण २.८ वर्षांच्या आत जातात. मी तुमच्या चाचणीत होते जवळजवळ तितकाच काळ.

तेव्हा या आजारावर नाव घेण्यासारखं औषधच नव्हतं. शिरेतून चोवीस तास द्यायचं पहिलं औषध अमेरिकेत १९९५ ला मंजूर झालं, तोंडाने घ्यायची बोसेन्टानची गोळी २००१ ला आणि सिल्डेनाफिल २००५ ला. हे सिल्डेनाफिल आधी छातीतल्या कळेसाठी तपासत होते, त्यातून भलतंच औषध निघालं, पुरुषांसाठीचं व्हायग्रा, आणि त्यानंतर ते आमच्या कामाला आलं. २०१९ मध्ये मी तालुक्याच्या मेडिकलमध्ये ती चिठ्ठी दिली. दुकानातल्या पोरानं एकदा चिठ्ठीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आत जाऊन मालकाला बोलावून आणलं. मालक खाली मान घालून म्हणाला, “वहिनी, भाऊजींना पाठवा.” मी म्हटलं, गोळी मलाच घ्यायचीय, दिवसातून तीनदा. पुढच्या महिन्यात गुरुवारच्या ओपीडीतून छापील चिठ्ठी मिळाली, त्यावर मराठीत लिहिलं होतं की हे औषध फुफ्फुसाच्या दाबासाठी आहे. ती मी अजून पर्समध्ये ठेवते. जनरल ओपीडीत अशी चिठ्ठी कोणी देत नाही.

सांगायचं ते असं, की आधीच्या कोणीतरी स्वतःला मोजू दिलं म्हणून मी आज पत्र लिहायला जिवंत आहे. माझंही माप पुढच्या कोणाच्या तरी कामाला यावं, म्हणून मी आले. तक्रार उंदीर केल्याची नाही. तुम्ही माप अर्ध्यावर टाकलंत, तक्रार त्याची आहे.

आता एकेक सांगते.

आधी चालण्याचं. सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो, यावर या आजारात पुष्कळ काही ठरतं. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत सोटाटरसेप्ट नावाचं इंजेक्शन मंजूर झालं, जगभर त्याचं कौतुक झालं. ज्या चाचणीवर ते मंजूर झालं तिच्यात औषध घेणारे रुग्ण न घेणाऱ्यांपेक्षा सहा मिनिटांत सुमारे ४० मीटर जास्त चालले. ज्याला धाप लागत नाही त्याला ४० मीटर म्हणजे काय ते कळणार नाही. माझ्या उंबऱ्यापासून पिठाची गिरणी साधारण तेवढ्याच अंतरावर आहे. २०१८ च्या पावसाळ्यात मी डबा घेऊन तिथवर जाऊ शकत नव्हते.

तुमच्याकडे ही चालण्याची चाचणी दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात व्हायची. जमिनीला लाल चिकटपट्टी, दोन टोकांना दोन खुर्च्या. लादी दोन फुटी, खुर्चीपासून खुर्चीपर्यंत पन्नास लाद्या, म्हणजे ३० मीटर. मी हे मोजलं होतं, सवयच आहे. सिस्टर हातात घड्याळ धरून दर मिनिटाला एकाच सुरात सांगायच्या, “छान चाललंय, पाच मिनिटं राहिली.” “छान चाललंय, चार मिनिटं राहिली.” जास्त प्रोत्साहन द्यायचं नाही असा नियम असतो, हे मला नंतर कळलं. पहिल्यांदा वाटलं बाई रुसलीय की काय. २०२३ च्या दिवाळीनंतर मी गेले, तर व्हरांड्याच्या एका टोकाला लोखंडी कपाटं लावलेली, जुन्या फायलींची. खुर्ची अलीकडे आली होती. मी लाद्या मोजल्या, ३३ भरल्या. म्हणजे २० मीटर.

आधीच्या खेपेला मी ३४२ मीटर चालले होते. त्या दिवशी ३०५ भरले. ३७ मीटर कमी. रस्ता आखूड झाला की वळणं वाढतात. वळताना धापेचा माणूस थांबतो, भिंतीला हात लावतो, पुन्हा निघतो. आता सांगा, ते ३७ मीटर आजाराने खाल्ले की कपाटांनी? मी सिस्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, “लिहिते मी बाजूला.” ते लिहिलं गेलं का, आणि ज्यांनी माझे आकडे पुढे पाठवले त्यांना पट्टीच बदलल्याचं माहीत आहे का? पुढची तपासणी तीन महिन्यांनी होती. ते तीन महिने मी रोज रात्री हिशेब करत होते की असेच कमी होत गेले तर किती दिवस पुरतील. जगभरात ४० मीटरसाठी कौतुक होतं आणि आमच्याकडे कपाटं ठेवायला जागा नाही म्हणून दहा मीटर व्हरांडा गेला!

दुसरी गोष्ट संमतीपत्राची. इथे मी एथिक्स कमिटीशी, म्हणजे चाचणीला परवानगी देणाऱ्या आणि रुग्णांचं हित बघणाऱ्या समितीशी, बोलते आहे. २२ पानं होती, मराठीत होती, त्याबद्दल आभार. पण ते मराठी कोणाचं होतं? सातव्या पानावर लिहिलं होतं, “आपणास यादृच्छिकरीत्या दोनपैकी एका भुजेत नियुक्त करण्यात येईल.” मी नवऱ्याला विचारलं, इंजेक्शन दंडात देणार आहेत का? तेही विचारात पडले. इंग्रजीतल्या शब्दाची ही भुजा झालीय, हे डी. फार्म करणाऱ्या पुतण्याने सांगितलं. चिठ्ठी टाकून दोन गट करणार, एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली, आणि कोणाला कोणती हे रुग्णाला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही कळणार नाही. एवढं साधं लिहिलं असतं तर आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना कळलं असतं. मग मॅडमनी शेजारी बसून पाऊण तास समजावलं, तेव्हा कळलं आणि मी सही केली. कॅमेऱ्यासमोर ‘समजलं’ असंही म्हटलं. पण मॅडमना पाऊण तास नसता तरी कॅमेऱ्यात माझं ‘समजलं’ तसंच दिसलं असतं.

पुतण्यानंच मला २०१९ चे नवीन औषधं आणि चाचण्यांचे केंद्राचे नियम वाचून दाखवले. त्यात म्हटलंय की तुमच्या समितीत किमान सात जण हवेत, निम्मे तरी बाहेरचे हवेत, आणि त्यात एक सामान्य माणूस हवाच. त्या सामान्य माणसाला मला विचारायचंय, दादा किंवा ताई, तुम्ही सातवं पान वाचलं होतं का? तुम्हाला भुजा कळली का? नसेल कळली तर तेव्हाच हात वर करायचा होता. तुमची खुर्ची तिथे आमच्या वतीनं ठेवलेली आहे.

त्याच संमतीपत्रात होतं की चाचणीचे निष्कर्ष मला कळवले जातील. कळवलेले नाहीत. पहिले २४ आठवडे माझ्या डबीत औषध होतं की नुसती भुकटी, हे आजही मला माहीत नाही. भारतात अशा चाचण्यांची नोंद सरकारी रजिस्टरमध्ये करावी लागते. ते रजिस्टर २००७ ला सुरू झालं आणि २००९ पासून नोंद सक्तीची आहे. तिथे आमची चाचणी सापडली, पण सगळं इंग्रजीत, आणि निष्कर्ष नाहीत. मी शास्त्रज्ञांचा लेख मागत नाही. एक पान मागते. गोळी उपयोगी पडली का, कोणाला त्रास झाला का, आणि मी कोणत्या गटात होते.

तिसरी गोष्ट गोळीची, आणि ही लिहिताना माझा हात जड होतो. पहिल्या २४ आठवड्यांनंतर सगळ्यांनाच खरी गोळी सुरू झाली. आधीच्या दोन गोळ्या चालूच होत्या, ही तिसरी. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मी गच्चीवर पापड वाळत घातले. चौदा पायऱ्या, मध्ये एकदाच थांबून. सासूबाई खालून ओरडत होत्या की उतर, मरशील. मी वर बसून हसत होते. मार्चमध्ये चाचणी संपली तेव्हा महिनाभराच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं की पुढचं वरून कळवतील. वरून म्हणजे कुठून, ते कोणी सांगितलं नाही. आता मी सातव्या पायरीवर बसते. मध्ये उन्हाळा येऊन गेला, पापड जावेनं घातले.

नियम काय म्हणतो तेही वाचलंय. चाचणी करणाऱ्या डॉक्टरांनी शिफारस केली आणि एथिक्स कमिटीनं ती मंजूर केली, तर कंपनीनं औषध चाचणीनंतरही मोफत द्यायचं. पण अट अशी की त्या आजारावर दुसरा उपचार उपलब्ध नसावा. कागदावर बघितलं तर माझ्या आजाराला दुसरे उपचार आहेत. बाजारात आहेत, माझ्या मशीनवर ब्लाउज शिवून येणाऱ्या पैशांत नाहीत. जनआरोग्य योजनेचं कार्ड आहे, दाखल झाले तेव्हा ते चाललं, रोजच्या गोळ्यांना चालत नाही. तेव्हा ‘उपलब्ध’ या शब्दाचा अर्थ तुम्ही दुकानाच्या कपाटावरून लावला की रुग्णाच्या पिशवीवरून? की लावलाच नाही? मॅडमनी शिफारस पाठवली होती का, ती तुमच्यापुढे आली का, नाकारली असेल तर कोणत्या कारणाने? नकारही चालेल मला. नकार लेखी असला तर तो घेऊन दुसरं दार ठोठावता येतं.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण ते लिहायला लाज वाटते. प्रवासखर्च देऊ म्हणाला होतात. पहिल्या वर्षी दिला, मग व्हाउचर अडलं, मग सही करणारे साहेब बदलले. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा माझा निम्मा प्रवासखर्च महामंडळाने दिला म्हणायचा. नवऱ्याचं तिकीट पूर्णच होतं आणि त्यांचा रोज बुडत होता तो वेगळा.

आता मूळ दुखणं, गुरुवारची ओपीडी. मॅडमची बदली झाली आणि ओपीडी गेली. म्हणजे ती ओपीडी रुग्णालयाची नव्हतीच का, मॅडमची होती? इतकी वर्षं जे संशोधन तुमच्या नावाने चाललं ते एका बाईच्या पर्समधून चाललं होतं का, की ती गेली आणि तेही गेलं?

जनरल ओपीडीत माझा नंबर १४० च्या पुढे असतो. दर वेळी नवीन रेसिडेंट डॉक्टर. पोरं मेहनती आहेत, त्यांची जेवायची शुद्ध नसते, त्यांना दोष नाही. पण दर खेपेला मी पहिल्यापासून सांगायचं आणि चार मिनिटांत उठायचं. गुरुवारी काय व्हायचं ते सांगते. एक ट्रकचालक यायचा, तिशीतला, त्यालाही माझ्यासारखीच धाप. मॅडमनी त्याचा व्ही-क्यू स्कॅन (फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे कुठे पोचतं ते दाखवणारा) करून घेतला आणि निघाल्या फुफ्फुसाच्या धमनीत जुन्या रक्ताच्या गाठी. गाठींमुळे दाब वाढलेला असेल तर काही जणांचं ऑपरेशन होऊ शकतं आणि माणूस बरासुद्धा होऊ शकतो. माझ्या प्रकारात ते नाही. धाप दोघांची सारखी, इकोतही दोघांचा दाब वाढलेलाच. फरक ओळखायचा तर या आजाराचे पाच गट डोक्यात ठेवून बसलेलं माणूस लागतं. नवीन लग्न झालेल्या मुलीला, या आजारात दिवस गेले तर जिवावर बेतू शकतं, हे सासूला बाहेर बसवून सांगणारं माणूस लागतं. ते चार मिनिटांत होत नाही.

आणि हे अशा वेळी, जेव्हा बाकीचं जग उलट दिशेला चाललंय. पूर्वी सरासरी दाब २५ किंवा त्याच्या पुढे गेला की आजार धरायचे. २०२२ मध्ये युरोपातल्या हृदयाच्या आणि फुफ्फुसाच्या डॉक्टरांनी ती रेघ २० वर आणली, रुग्ण लवकर सापडावेत म्हणून. केरळनं ५० रुग्णालयांतून दोन हजारांवर रुग्णांची एकत्र नोंद करून दाखवली. त्यातून कळलं की तिथे सगळ्यात जास्त रुग्ण हृदयाच्या डाव्या बाजूच्या आजारातून आलेले आहेत. आपल्याकडच्या रुग्णांचं काय, याचं थोडंफार उत्तर तुमच्याच इमारतीत होतं. सिस्टरांची लांबट वही, खाकी कव्हर घातलेली, कडेला लाल शाईनं वर्ष लिहिलेलं. प्रत्येक गुरुवारी आलेल्या माणसाचं नाव, गाव, दाब, चालणं, औषध. जूनमध्ये गुरुवारच्या ओपीडीत शेवटचं गेले तेव्हा ती वही मी त्याच लोखंडी कपाटावर पाहिली, वर पंख्याचं खोकं ठेवलेलं.

त्या वहीत माझ्या वरची एक ओळ एका मावशींची आहे. सांगली भागातल्या. चाचणीत त्या माझ्याआधी आल्या होत्या, आमच्या तारखा एकाच दिवशी पडायच्या. स्टीलच्या डब्यात चुरमुऱ्याचा चिवडा आणायच्या, शेंगदाणे वेचून मला द्यायच्या कारण त्यांना दात नव्हते. २०२४ च्या जानेवारीत त्या गेल्या. मुलाने फोन करून कळवलं तर पलीकडून विचारलं, “उरलेल्या गोळ्यांची डबी परत कधी आणून देता?” डबी परत घ्यायचा नियम असतो, मला माहीत आहे, गोळ्यांचा हिशेब द्यावा लागतो. मुलाने डबी आणून दिली, सही केली, सांगलीला परत गेला. त्याच्या आईच्या मापांचं काय झालं ते त्यालाही कोणी सांगितलेलं नाही. माझ्याकडे त्याचा फोन येतो मधूनमधून.

माझ्या मागण्या अशा आहेत.

गुरुवारची ओपीडी पुन्हा सुरू करा. आठवड्याला जमत नसेल तर पंधरवड्याला करा, पण ठरलेला वार, ठरलेली खोली आणि किमान दोन ठरलेले डॉक्टर असू द्या, म्हणजे एकाची बदली झाली तरी दार उघडं राहील. तोवर जनरल ओपीडीत आमच्या केसपेपरवर एखादा वेगळा शिक्का मारा, नवीन डॉक्टरांना बघताक्षणी कळेल असा.

चाचणीत भाग घेतलेल्या प्रत्येकाला, आणि जे गेले त्यांच्या घरच्यांना, एक पान मराठीत द्या: निष्कर्ष काय आणि आपण कोणत्या गटात होतो. निष्कर्ष अजून तयार नसतील तर कधीपर्यंत होतील ती तारीख द्या.

चाचणीनंतरच्या गोळीबद्दल एथिक्स कमिटीनं प्रत्येकाचा वेगळा निर्णय लेखी द्यावा, कारणासह, तीस दिवसांत. आणि त्यात ‘उपलब्ध’ म्हणजे काय धरलं तेही लिहावं.

चालण्याच्या चाचणीचा रस्ता मध्येच २० मीटरचा झाला, ही गोष्ट आमच्या आकड्यांसोबत लिहिली गेली आहे का ते तपासा, नसेल तर जिथे कळवायचं तिथे कळवा. आणि कपाटं हलवा. याला मंत्रालयाची मंजुरी लागत नसावी.

यापुढचं संमतीपत्र छापण्याआधी चार रुग्णांकडून वाचून घ्या. मी फुकट वाचून देईन. भुजा दिसली की खूण करीन.

अडकलेला प्रवासखर्च द्या. आणि ती वही कपाटावरून खाली घ्या, कॉम्प्युटरवर चढवा, नावं झाका, आणि ज्यांना अभ्यास करायचा आहे त्यांच्या हाती पडेल अशी ठेवा.

यातली एकही गोष्ट आम्ही भीक म्हणून मागत नाही. पुन्हा एखादी चाचणी निघाली तर मी परत नाव देईन, दीर काहीही म्हणोत.

माझी पुढची तारीख येत्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी आहे, जनरल ओपीडीला. मी सकाळच्या गाडीनं येईन. आधी दुसऱ्या मजल्यावर जाऊन लाद्या मोजीन, मग तुमच्या कार्यालयाबाहेर बाकावर बसेन. जिना चढून यायला मला वेळ लागतो, तेवढं शिपाईदादांना सांगून ठेवा.

आपली,
गुरुवारच्या ओपीडीतली एक रुग्ण
जि. सातारा